बारावीनंतर गाणं: विद्यापीठ, मंडळाच्या परीक्षा की गुरूची तालीम?

युरोप-अमेरिकेत संगीत शिकणाऱ्या मुलांपुढे प्रश्न असतो तो 'युनिव्हर्सिटी की कॉन्झर्व्हेटरी (प्रत्यक्ष गायन-वादनावर भर देणारी संगीत संस्था)' असा. आपल्याकडे कॉन्झर्व्हेटरीची पाटी क्वचित दिसते, पण प्रश्न तोच आहे. एकीकडे विद्यापीठाचा संगीत विभाग. दुसरीकडे गुरूचं घर, गावातलं संगीत विद्यालय किंवा निवासी गुरुकुल. बारावीचा निकाल लागला की प्रवेशाच्या तारखा अंगावर येतात आणि निर्णय बहुतेक वेळा घाईत, चुलत्या-मामांच्या सल्ल्याने होतो. हे टिपण हिंदुस्तानी कंठसंगीत डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. सतार, बासरी, तबला शिकणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. पदवी दारं उघडते, गळा तालमीत तयार होतो, आणि एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही. म्हणून 'कुठे जाऊ' हे विचारण्याआधी 'आठवड्यातले किती तास कोण माझ्यासमोर बसणार' हे विचारा.

हा पेच नवा नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं ते गाणं उस्तादांच्या घराबाहेर आणून वर्गात, ठरलेल्या अभ्यासक्रमाने शिकवता यावं म्हणूनच. १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज उभं राहिलं त्यामागे पंडित विष्णु नारायण भातखंडे होते. पुढे तेच विद्यापीठ झालं. पलुस्करांचे शिष्य प्रा. बी. आर. देवधर यांच्या मुंबईतल्या विद्यालयात कुमार गंधर्व लहानपणी शिकायला आले. म्हणजे विद्यालयातून मोठा गायक घडत नाही हे काही खरं नाही. फक्त तिथे समोर बसणारे स्वतः देवधर होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

आधी तास मोजा

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) हिशेबात लेखी विषयाचा एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे सत्राला १५ तास आणि प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास. समजा गायनाचं प्रात्यक्षिक ४ श्रेयांकांचं आहे. सत्राचे १२० तास, १५ आठवड्यांनी भागले की आठवड्याला ८ तास. वाचायला छान वाटतं. पण वर्गात १० जण असतील तर तुमच्या एकट्याच्या गळ्याच्या वाट्याला येतात ४८ मिनिटं. दोन सत्रांचे ३० आठवडे धरले तर वर्षाचे २४ तास.

आता गुरूकडचा हिशेब. आठवड्यातून दोनदा, एकेक तास, समोर तुम्ही एकटेच. गुरूंचे दौरे, सण, आजारपण वजा जाता ४० आठवडे. वर्षाचे ८० तास. पण त्याच दोन तासांत सहा जण बसत असतील तर तुमचा वाटा आठवड्याला २० मिनिटं, वर्षाला जेमतेम १३ तास. 'गुरूकडे शिकतो' एवढ्याने तालीम भक्कम होत नाही, ती अशी. नाव मोठं आणि सामूहिक क्लास, यापेक्षा नाव बेताचं आणि समोरासमोर तालीम, असं आम्ही पहिल्या पाच वर्षांसाठी सुचवतो.

सामूहिक वर्गाचा फायदाही आहे, तो नाकारत नाही. दुसऱ्याचा गंधार उतरलेला ऐकून कान तयार होतो, आणि दहा जणांसमोर रोज तोंड उघडावं लागल्याने भीड चेपते. फक्त तो वेळ गळ्याच्या तालमीत मोजू नका.

तासांच्या हिशेबात प्रवासही धरा. सकाळी सातची लोकल पकडायची असेल तर खर्जाचा (खालच्या स्वरांचा) रियाज कधी करणार? संध्याकाळी दमून आल्यावर शेजाऱ्यांची झोप सांभाळत, आवाज दाबून केलेला रियाज गळ्याला वाईट सवय लावतो. विभागापासून चालत जाण्याच्या अंतरावर वसतिगृह मिळत असेल आणि तिथे सकाळी तासभर मोकळ्या आवाजात गाता येत असेल, तर ही एक गोष्ट बाकी चार गोष्टींवर मात करते. प्रवेश घेण्यापूर्वी वसतिगृहाच्या अधीक्षकांना हे थेट विचारावं.

पदवीचं नाव नीट वाचा

बी.ए.ला तीन विषयांपैकी एक संगीत असणं वेगळं आणि बी.पी.ए. (बॅचलर ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स) किंवा बी.म्यूज. (बॅचलर ऑफ म्युझिक) यांसारखी पूर्णवेळ संगीताची पदवी वेगळी. कला महाविद्यालयांत पहिला प्रकार सर्रास आढळतो. तिथे संगीताचे तास कमी, पण दुसरा विषय हातात राहतो. दोन्हींवर 'संगीत पदवीधर' असाच शिक्का बसेल असं समजून प्रवेश घेतात आणि एम.ए.च्या वेळी पात्रतेचा प्रश्न उभा राहतो. पुढे ज्या विद्यापीठात जायचं मनात आहे तिथली एम.ए.ची पात्रता आजच वाचून ठेवा.

पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे. त्याच्या नावातच 'गुरुकुल' हा शब्द आहे आणि विद्यापीठ व तालीम यांची सांगड घालणं हाच त्यामागचा विचार. मुंबईत मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आणि एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाचा विभाग आहे. दुसऱ्याचं प्रमुखपद डॉ. प्रभा अत्रे यांनी अनेक वर्षं सांभाळलं. गोव्यात पणजीला गोवा कॉलेज ऑफ म्युझिक आहे. महाराष्ट्राबाहेर बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ, आणि छत्तीसगढमधलं खैरागढचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय, जे १९५६ पासून केवळ कलांसाठीच आहे. खैरागढ गाव लहान आहे, त्यामुळे तिथे दिवसभर संगीतात राहता येतं. मोठ्या शहरात रोज मैफली ऐकायला मिळतात. दोन्हींची किंमत वेगळी, आणि कुठली परवडेल हे स्वभावावर आहे.

विभाग पाहायला जाल तेव्हा इमारत आणि सभागृह दाखवतील. ते पाहून झालं की पुढच्या गोष्टी शोधा. गायन शिकवणारे कायमस्वरूपी किती आणि तासिका तत्त्वावर किती? तासिका तत्त्वावरचे शिक्षक अनेकदा उत्तम असतात, पण दर वर्षी बदलले तर विद्यार्थ्याचं नुकसान होतं. एक जण आकार मोकळा लावायला सांगतो, दुसरा बोलांवर भर देतो, तिसरा पट्टीच (ज्या सुराला 'सा' मानून गातो तो) बदलायला लावतो. तीन वर्षांत तीन गायकी अर्ध्या-अर्ध्या शिकून होतात. दुसरं, वर्गात तबल्याची साथ रोज असते का? मोबाइलवरच्या ठेक्यावर शिकलेला विद्यार्थी माणसाच्या ठेक्यावर पहिल्यांदा बसला की विलंबित (धीम्या लयीच्या) एकतालात सम (तालाची पहिली मात्रा) चुकतो, कारण यंत्र त्याच्यासाठी लय कधी हलवत नाही आणि माणूस मुखड्याला (बंदिशीच्या समेवर येणाऱ्या तुकड्याला) किंचित जागा देतो. तिसरं, तानपुरे जुळलेले आहेत का. कोपऱ्यात तुटक्या तारांचे तानपुरे आणि टेबलावर इलेक्ट्रॉनिक यंत्र दिसलं तर तिथे तानपुरा जुळवायला, जवारी (तारेचा गुंजारव) ओळखायला कोणी शिकवत नाही हे समजून घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना बाहेर चहाला गाठून विचारा: मागच्या महिन्यात किती तास प्रत्यक्ष झाले? खरं उत्तर तिथेच मिळतं.

मंडळाच्या परीक्षा काय देतात

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहेत: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम व पूर्ण, मध्यमा प्रथम व पूर्ण, विशारद प्रथम व पूर्ण. या सात पायऱ्या झाल्या की अलंकाराच्या दोन. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. कोणतीही पदवी करता करता देता येतात, हा त्यांचा सर्वांत मोठा गुण. खेड्यातल्या मुलालाही ठरलेला अभ्यासक्रम, बाहेरचा परीक्षक आणि वर्षाचं एक उद्दिष्ट मिळतं.

गडबड होते ती वेगाने. दहावीला शास्त्रीय कलेचे सवलतीचे गुण मिळतात म्हणून पालक लहानपणी एकामागून एक परीक्षा द्यायला लावतात. मूल प्रत्येक रागाचा एक छोटा ख्याल (द्रुत लयीतली बंदिश), चार आलाप आणि आठ ताना पाठ करतं, गुण मिळतात, आणि परीक्षा संपली की राग विसरतो. बड्या (विलंबित लयीतल्या) ख्यालात पाठ केलेल्या आलापांवर पंधरा मिनिटं निघत नाहीत. तिथे राग स्वतः मांडावा लागतो. खूण सोपी आहे: परीक्षेनंतर सहा महिन्यांनी, न सांगता, भूप किंवा यमन वीस मिनिटं गायला सांगा. पाठ केलेल्या जागा संपल्यावर जो थांबतो त्याने पुढची परीक्षा वर्षभर पुढे ढकलावी. मुलगा चौदा-पंधराच्या आसपास असेल आणि आवाज फुटत असेल तर अजूनच थांबावं. त्या काळात तार (वरच्या) सप्तकाचा हट्ट केला की आवाज फाटतो. स्वरज्ञान, ताल, बंदिशींचा संग्रह यांवर ती दोन वर्षं सत्कारणी लावता येतात.

लेखी भागात स्वरलिपीचा घोळ ठरलेला. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचा बिंदू म्हणजे तार सप्तक आणि खालचा बिंदू म्हणजे मंद्र (खालचं) सप्तक. पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचा बिंदू मंद्राचा, तार सप्तकाला डोक्यावर उभी रेघ. तालाच्या खुणाही वेगळ्या: भातखंडे सम × ने आणि खाली (टाळी नसलेली मात्रा) ० ने दाखवतात, पलुस्कर सम १ ने आणि खाली + ने. एका पद्धतीत शिकलेला विद्यार्थी दुसऱ्या पद्धतीचं पुस्तक उघडतो आणि बंदिश चुकीच्या सप्तकात बसवतो. वहीच्या पहिल्या पानावर दोन्हींच्या खुणा समोरासमोर लिहून ठेवा.

विशारद पदवीच्या बरोबरीची धरतात का, असं सगळे विचारतात. याला सरसकट उत्तर नाही. प्रत्येक विद्यापीठ आणि प्रत्येक नोकरीची जाहिरात 'समकक्ष' या शब्दाचा अर्थ आपापला लावते. संबंधित विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडून लेखी उत्तर घ्या. फोनवर 'चालेल' म्हणाले, यावर तीन वर्षांचं नियोजन करू नका.

गुरूकडे जाताना

गंडाबंधन (गुरूने शिष्याच्या मनगटाला धागा बांधण्याचा विधी) झालं म्हणजे तालीम सुरू झाली असं नाही, आणि गंडा न बांधताही उत्तम तालीम मिळते. आधी सहा महिने नुसतं शिकून पाहावं. या काळात पाहायचं ते असं: गुरू तुमची पट्टी तुमच्या गळ्यावरून ठरवतात की वर्गाच्या सोयीने? मुली काळी चार-पाच आणि मुलगे काळी एक-दोन (हार्मोनियमच्या काळ्या पट्ट्या) हा साधारण हिशेब आहे, नियम नव्हे. चूक दाखवताना 'पुन्हा गा' एवढंच म्हणतात, की चूक नेमकी कुठे आहे ते गाऊन दाखवतात? स्वतः किती गातात? तालीम ऐकण्यातून जाते. जिथे गुरूचा आवाज ऐकू येत नाही तिथे शिष्याच्या गळ्यात काही उतरत नाही. पैशांचं बोलणं पहिल्याच भेटीत स्पष्ट करावं. संकोचाने टाळलेला हा विषय पुढे नातं बिघडवतो.

एक गोष्ट पालकांनी धीटपणे विचारली पाहिजे. विद्यापीठात तक्रार निवारणाची समिती असते. घरी चालणाऱ्या तालमीत ती नसते. मुलगी किंवा मुलगा अठराच्या आतला असेल तर तालमीच्या वेळी कोणी तरी घरात असेल ना, दार उघडं राहील ना, पालकांना अधूनमधून बसून ऐकता येईल ना, हे विचारण्यात गुरूचा अनादर नाही. ज्यांना हा प्रश्न आवडत नाही त्यांच्याकडे जाऊ नये.

निवासी गुरुकुल हा भारतातला कॉन्झर्व्हेटरीच्या सर्वांत जवळचा प्रकार. कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीत निवड चाचणीने होते, निवडलेले विद्यार्थी विद्यावेतनावर गुरूंच्या सहवासात राहून शिकतात. तिथे गुरू राहिलेले पंडित उल्हास कशाळकर आधी नागपूर विद्यापीठाचे संगीताचे एम.ए., मग पंडित राम मराठे आणि पंडित गजाननबुवा जोशी यांच्या तालमीत तयार झालेले. एका माणसाच्या आयुष्यात दोन्ही वाटा येतात, त्या अशा. डॉ. अश्विनी भिडे-देशपांडे यांचं उदाहरणही लक्षात ठेवण्यासारखं आहे: गांधर्व महाविद्यालयाची विशारद, बायोकेमिस्ट्रीत पीएच.डी., आणि गाणं आईकडून घेतलेलं. पदवी संगीताचीच हवी असा आग्रह धरणाऱ्यांनी यावर विचार करावा.

विद्यापीठ आणि गुरू दोन्ही एकदम चालू ठेवणार असाल तर दोन अडचणी येणारच. पहिली वेळापत्रकाची. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव डिसेंबरात असतो, मैफलींचा हंगाम तेव्हा भरात येतो, आणि गुरूंच्या मागे तानपुऱ्यावर बसायची संधी याच दिवसांत मिळते. नेमक्या त्याच सुमाराला सत्र परीक्षा येतात, वर ७५ टक्के हजेरीची अट. सत्राच्या सुरुवातीलाच हजेरी भरून घ्या आणि डिसेंबरासाठी दिवस शिल्लक ठेवा. दुसरी अडचण गायकीची. बागेश्रीत पंचम किती घ्यायचा, बिहागात तीव्र मध्यम कसा लावायचा, यावर घराण्या-घराण्यांत फरक आहेत. गुरूकडे शिकलेलं परीक्षेत गायलं आणि परीक्षक दुसऱ्या परंपरेचे निघाले तर गुण जातात. वाद घालू नये. अभ्यासक्रमात जे आहे ते परीक्षेत गावं आणि गुरूंना हे आधी सांगावं. समंजस गुरू अडवत नाहीत.

कागद कुठे लागतो

मैफलीला पदवी कोणी विचारत नाही. आकाशवाणीची श्रेणी (बी, बी हाय, ए, टॉप) गायनाच्या चाचणीवर मिळते. पण महाविद्यालयात शिकवायचं असेल तर साधारण वाट अशी: संगीतात एम.ए., किमान ५५ टक्के, मग नेट किंवा सेट (प्राध्यापकपदाची राष्ट्रीय किंवा राज्य पात्रता परीक्षा). नेटमध्ये ३ तासांत १५० प्रश्न, ३०० गुण. त्यात गावं लागत नाही, शास्त्र आणि इतिहासच विचारतात, म्हणून नुसती तालीम असलेले चांगले गायक तिथे अडकतात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत कलाकारांसाठी दुसरी वाटही ठेवली होती: नामवंत गुरूंची तालीम आणि आकाशवाणी-दूरदर्शनची ए श्रेणी. पण तिच्यातही पदवी हवीच होती. म्हणून आम्ही कोणालाही बारावीवर शिक्षण सोडून गुरूकडे जा असं सांगत नाही. कुठल्याही शाखेची का होईना, पदवी पूर्ण करा.

पैशांसाठी संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती पाहावी: १८ ते २५ वयोगट, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. गुरूकडे किंवा संस्थेत किमान ५ वर्षं शिकल्याचा दाखला लागतो. तो शेवटच्या दिवशी मागायला गेलं की गुरू दौऱ्यावर असतात.

प्रवेशाच्या चाचणीत

दहा-पंधरा मिनिटं मिळतात. त्यात चुकतं ते बहुधा रागाच्या निवडीत. परीक्षकांवर छाप पाडायला अनवट (क्वचित गायले जाणारे) राग निवडतात आणि पहिल्याच आलापात शेजारचा राग डोकावतो. यमन, भूप, बिहाग, मालकंस यांपैकी जो अंगवळणी पडला आहे तोच गावा. ओळखीच्या रागात सूर किती सच्चा आहे ते पटकन कळतं, आणि त्यांना तेच पाहायचं असतं. विलंबित फार धीमं सुरू करू नये. घाबरलेल्या छातीत तेवढा श्वास राहत नाही. बंदिशीचे शब्द अर्थासकट ठाऊक असावेत.

गाऊन झालं की हाताने ताल धरून लयकारी म्हणायला सांगतात. झपतालाची दुगुन (दुप्पट लय) एका आवर्तनात (तालाच्या एका फेरीत) म्हणायची तर ती सहाव्या मात्रेपासून सुरू होते, कारण १० मात्रांची दुगुन ५ मात्रांत बसते. १६ मात्रांच्या त्रितालाच्या तिगुनीला (तिप्पट लयीला) ५ पूर्णांक १ तृतीयांश मात्रा लागतात, म्हणून अकराव्या मात्रेचे तीन भाग करून तिसऱ्या भागावर 'धा' यायला हवा. पाठ करून हे जमत नाही. रोज चालताना पावलांवर ताल धरून म्हटलं की दोन महिन्यांत हातात बसतं.

पियानो, व्हायोलिन किंवा पाश्चात्त्य गायन शिकणाऱ्यांसाठी थोडक्यात. एबीआरएसएम या ब्रिटिश मंडळाच्या वादन-गायनाच्या परीक्षा १५० गुणांच्या, उत्तीर्ण व्हायला १००, डिस्टिंक्शनला १३०. आठवी ग्रेड चांगल्या गुणांनी झाली म्हणजे परदेशी कॉन्झर्व्हेटरीचं दार उघडलं असं समजू नये. तिथे वादन ऐकूनच घेतात, आणि बऱ्याच ठिकाणी आधी व्हिडिओवर चाळणी होते. ब्रिटनमधल्या कॉन्झर्व्हेटरींचे अर्ज प्रवेशाच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच बंद होतात, त्यामुळे बारावीच्या निकालानंतर जागे झालेल्यांचं वर्ष जातं. अमेरिकेत बॅचलर ऑफ म्युझिकमध्ये अभ्यासाचा सुमारे दोन तृतीयांश भाग संगीताचा असतो, बी.ए.मध्ये साधारण एक तृतीयांश. गणित किंवा संगणकशास्त्रही सोबत हवं असेल तर बी.ए. पाहा.

प्रवेश कुठेही घ्या, पहिल्याच आठवड्यात एक काम करा. नेहमीच्या पट्टीत, तानपुऱ्यावर, एक बडा ख्याल पंधरा मिनिटं गाऊन ध्वनिमुद्रित करा आणि तारीख घालून ठेवा. सहा महिन्यांनी तोच राग, तीच बंदिश, तीच पट्टी. दोन्ही एकापाठोपाठ ऐका: षड्ज किती स्थिर लागतो, श्वास कुठे तुटतो, समेवर येताना मुखडा धावतो का, पाचव्या मिनिटानंतर त्याच जागा पुन्हा येतात का. यांपैकी निदान दोन गोष्टी सुधारल्या नसतील तर शिकवणाऱ्यांशी बोला, आधी तास वाढवून मागा. आणखी सहा महिन्यांनीही ध्वनिमुद्रण तसंच राहिलं तर शिकण्याची जागा बदलायची वेळ आली आहे.